क्लच नसलेल्या ट्रॅक्टरचं तेल

१८ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा किंचाळला! सकाळी गार होता तेव्हा गुमान चालला. तासाभरात तापला आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज. मागचा माती फोडणारा रोटर वर घ्यायला लिव्हर ओढली तर रोटर दमेकऱ्यासारखा थांबत थांबत वर. पेडल पूर्ण दाबलं तरी ओढ नाही. विहिरीकडचं वावर अर्धं सोडून परत आलो.

भात निघून रान मोकळं झालंय. जमिनीत ओल आहे तोवर मसूर पडली पाहिजे. अजून दहा दिवस, लई तर बारा. नंतर नुसती ढेकळं.

"शेजारच्यांकडनं मारून घे की रोटर," आई म्हणाली. घेता येईल. येळ्ळुरात ट्रॅक्टरांना काय तोटा! पण तेच तर नको आहे. दोन वर्षं सगळं दुसऱ्याकडनंच करून घेतोय.

१९ नोव्हेंबर

सगळं पहिल्यापासून लिहून काढतो, म्हणजे डोक्यातली गरगर थांबेल.

दोन वर्षांपूर्वी वडगावच्या वळणावर स्कूटर टेम्पोवर आदळली. बायकोला, दिपालीला, खरचटलं, माझा डावा पाय मांडीपासून गेला. कृत्रिम पाय बसवलाय, चालता येतं. पण क्लच दाबता येत नाही. पेडलवर आहे की हवेत आहे, हे त्या पायाला कळतच नाही. घरचा मोठा ट्रॅक्टर विकला. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर होतो, ते दिवसभर उभं राहायचं काम, तेही सुटलं.

हा छोटा ट्रॅक्टर दिपालीनं शोधला. किती फोन केले असतील तिनं! गोव्यातल्या एका हॉटेलात हिरवळ कापायला होता. परदेशी, वीस वर्षांचा. निळा रंग, जागोजागी उडालेला. ह्याला क्लच दाबून गिअर टाकत बसायची भानगडच नाही. उजव्या पायाखाली एक पेडल — पुढं दाबलं की पुढं, मागं दाबलं की मागं, पाय काढला की उभा. ब्रेकही उजवीकडंच. आला त्या दिवशी बसलो आणि बांधाकडेनं तीन फेऱ्या मारल्या. नुसत्याच, कामाशिवाय! आई म्हणाली, "खुळा झालास व्हय रं?" व्हय, झालो होतो.

आणि तीन आठवड्यांत हे.

बरोबर पुस्तक आलं नाही. सीटखालची नाव-नंबराची पट्टी घासून गुळगुळीत. मागच्या पेटीत कोणतं तेल आहे ते कुणालाच माहीत नाही.

२० नोव्हेंबर

शामू येऊन गेला. नाक्यावरचा मिस्त्री, माझ्याच वर्गातला. गावातला एकही ट्रॅक्टर त्याच्या हाताखालनं गेला नाही असं नाही. त्यानं तेलाची पट्टी काढली, बोटावर चोळलं, वास घेतला. तेल दुधाळ दिसत होतं, चहासारखं.

"लई पातळ झालंय भरमू. नव्वद नंबरचं गिअर ऑइल घाल. जाड घातलं की जीव येतो बघ."

निपाणीच्या एका दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "रोटर उचलणाऱ्या लिफ्टचं अडुसष्ट नंबर न्या, सगळे तेच नेतात." मोबाईलवरच्या व्हिडिओत एक माणूस सांगत होता, लाल तेल घाला, ऑटोमॅटिक मोटारीच्या गिअरचं. तीन माणसं, तीन तेलं! आणि तिघंही असे बोलतात की जणू ट्रॅक्टर त्यांनीच बनवला.

दिपालीनं तिन्ही वहीत उतरून घेतली. ती शहरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही, ही तिकडची सवय. "कळल्याशिवाय काही ओतू नका हं," म्हणाली. दोनदा म्हणाली.

२१ नोव्हेंबर

काही नाही. वावर वाळतंय, मी बसून आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

ओतलं.

दिपाली आठच्या बसनं गेली. नवाला शामू डबा घेऊन आला. जुनं थोडं काढलं आणि नव्वद नंबर घातलं — पाच लिटर. मधासारखी धार. सुरू केला तर आधी हललाच नाही, मग एकदम उडी! किंचाळणं कमी झालं पण पोटातनं घरघर यायला लागली, जात्यात खडा अडकावा तशी. शामू म्हणाला, "बसंल. जरा फिरू दे." दहा-पंधरा मिनिटं अंगणातच फिरवला.

दिपालीला सांगितलं नाही. उद्या चालला की सांगेन.

२३ नोव्हेंबर, शनिवार

अजून अक्षर सरळ येत नाही.

दुपारी ट्रॅक्टर घेऊन विहिरीकडच्या वावरात गेलो. तिथं विहिरीपासून वर यायला चढ आहे, बैलगाडीला जड जाईल एवढाच. निम्म्यावर गेलो आणि ओढ संपली. पेडल दाबलेलं, इंजिन ओरडतंय आणि ट्रॅक्टर मागं सरकतोय. पाय काढला. उभा राहायला पाहिजे होता — नाही राहिला! खाली विहीर, तिला कठडा नाही. दुसऱ्या कुणी उडी मारली असती. मला उडी मारता येत नाही. ब्रेकवर सगळा भार टाकला. धरला, सुटला, पुन्हा धरला. थांबला तेव्हा मागचं चाक विहिरीपासून दोन हातांवर.

दिपालीचा शनिवारी अर्धा दिवस. बसमधनं उतरून ती सरळ वावराकडं आली होती. तिनं सगळं पाहिलं. पिशवी टाकून धावत आली, बांधावरचा दगड उचलून चाकामागं घातला. एवढा दगड तिनं कसा उचलला कोण जाणे. तोंडातनं एकच शब्द — "उतरा."

तिचाच खांदा धरून उतरलो.

ट्रॅक्टर शामूनं दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून अंगणात आणला. घरी येऊन नव्वद नंबरचं सांगून टाकलं. म्हटलं आता भांडण. तिनं फक्त विचारलं, "किती लिटर?" मी सांगितलं. वहीत लिहिलं. मग मागच्या दारी जाऊन किती तरी वेळ तोंड धूत होती.

त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी नवापासून दिपाली फोनवर. गोव्याच्या त्या हॉटेलात एकानं दुसऱ्याकडं दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. कोकणी, हिंदी, इंग्रजी — जे चालेल ते. शेवटी एक माळी सापडला. तो म्हणाला, तो ट्रॅक्टर चौदा वर्षं एकच माणूस चालवायचा. रवळू नावाचा. आता काम सोडून आपल्या गावी असतो, लोंढ्याजवळ.

नंबरही मिळाला! लावला. पलीकडं म्हातारा आवाज, कमी ऐकू येत असावं. दिपालीनं ओरडून ओरडून सांगितलं तेव्हा एकदम म्हणाला, "आमचा निळ्या? जित्ता हाय व्हय अजून?"

आई स्वयंपाकघरातनं हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा घरात कुणी हसलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

लोंढ्याला जाऊन आलो. दिपालीनं रजा टाकली. रेल्वेनं गेलो, स्टेशनावरनं रिक्षा.

रवळू पासष्टीच्या पुढचा. काजूच्या झाडाखाली खाट टाकून वाट बघत बसला होता. माझ्या पायाकडं एकदा बघितलं, त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पहिला प्रश्न — "आवाज पोटातनं येतो का मागनं?"

"पोटातनं."

"गार असताना का तापल्यावर?"

"तापल्यावर. तेल दुधागत झालंय, अण्णा."

म्हातारा खाटेवरनं उठून उभा राहिला. मग म्हणाला, "ती चूक माझीच. रोज पायपानं धुवायचो. सायबाला चकचकीत लागायचा. लिव्हरच्या बुडाला रबर हाय न्हवं, ते फाटलं असणार. तितनं पाणी जातंय."

मग मी नव्वद नंबरचं सांगितलं. सांगताना शाळेतल्यासारखं वाटलं.

"अरं द्येवा! त्याला दुसऱ्या ट्रॅक्टरागत गिअरच न्हाईत की! आत पंप हाय, तेल ढकलतोय, त्या तेलाच्या जोरावर चाक फिरतंय. तेच तेल लिफ्ट उचलतंय. त्येच ब्रेकाला, त्येच आतल्या दातेरी चाकांना, दातऱ्यांना. जाड घातलंस तर पंप वढणार कसा? आन् जाळी काढली का? उजव्या पायाखाली, पेटीच्या बुडाला. तांब्याएवढी जाळी असती."

कुणीच काढली नव्हती. आम्हाला ती आहे हेच माहीत नव्हतं.

म्हातारा आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक घेऊन आला. अर्धी पानं परदेशी अक्षरातली, पण शेवटच्या कोऱ्या पानांवर हॉटेलच्या वर्कशॉपवाल्यानं दर वेळची नोंद केलेली — तारीख, किती तास चालला, तेलाचं नाव, किती लिटर, कोणता फिल्टर. चौदा वर्षांची! काम सोडताना रवळूनं हे घरी आणलं होतं. "तितं कोण वाचणार हुतं? रद्दीत गेलं असतं."

मी हात पुढं केला तर त्यानं पुस्तक दिपालीकडं दिलं. "हिच्याकडं देतो. तू न वाचता वततोस."

गाडीत परत येताना दिपाली पुस्तक मांडीवर धरून बसली होती. खिडकीतनं वारा आला तरी दोन्ही हात त्याच्यावरच.

२६ नोव्हेंबर

नवी अडचण. पुस्तकातलं तेल त्या नावानं आता मिळत नाही.

दिपालीची कॉलेजातली मैत्रीण प्रियदर्शनी उद्यमबागेत हायड्रॉलिक पंपांच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. संध्याकाळी घरीच आली. दिपालीनं शनिवारी ट्रॅक्टरमधलं तेल काचेच्या बाटलीत काढून ठेवलं होतं — हे मला माहीतच नव्हतं. बाटलीच्या तळाला बोटभर पाणी बसलेलं! प्रियदर्शनीनं उजेडात धरून दाखवलं.

"भाऊजी, नुसत्या नंबरावर जाऊ नका. जाड की पातळ एवढाच प्रश्न नसतो. अडुसष्ट नंबर लिफ्टला चालेल, पण ब्रेक आणि दातऱ्या त्याच्यात टिकायच्या नाहीत. लाल तेल काही जुन्या ट्रॅक्टरांना चालतं, ह्याच्या पुस्तकात ते नाही. डब्यावर हे लिहिलेलं पाहिजे — ट्रॅक्टरचा गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक, तिन्हीला एकच. आणि हा तेलावर चालणारा ट्रॅक्टर आहे म्हणून, त्यालाही चालतं असं कंपनीनं सांगितलेलं पाहिजे."

तिनं पुस्तकातल्या नोंदीचे फोटो दोन तेल कंपन्यांना पाठवले. एका कंपनीच्या माणसानं तासाभरात उत्तर दिलं आणि नाव कळवलं. संकेश्वरच्या एका दुकानात ते आहे. दिपाली दुकानदाराशी कानडीत बोलली, डब्यावरचं एकेक अक्षर त्याच्याकडनं वाचून घेतलं. बिचारा!

मी शेवटी मनातलं विचारलं. "नव्वद नंबरवर चालवला, त्यानं पंप गेला असेल का?"

"किती वेळ चालवला?"

"दोन दिवसांत मिळून अर्धा तास."

"तेल काढाल तेव्हा खालच्या बुचाला चुंबक असेल, तो बघा. राखाडी लोण्यासारखं असलं तर घाबरायचं नाही, ती नेहमीची झीज. कण, तुकडे निघाले तर सुरू करू नका, मला फोन करा."

लोणी की तुकडे. झोपेत पण तेच येणार आता.

२७ नोव्हेंबर

तेल आलं, संकेश्वरच्या बसनं. फिल्टर शहरातच मिळाला, जुन्याशी आटे जुळवून. दिपालीनं डब्याचं लेबल तीनदा वाचलं. मी चौथ्यांदा वाचलं, तिच्यादेखत!

२८ नोव्हेंबर, गुरुवार

लोणी! लोणी! लोणी!

शामू सकाळीच आला, मान खाली घालून. त्याला काही बोललो नाही. डबा त्यानं आणला, पण ओतला मीच.

इंजिन पाच मिनिटं चालवून तेल जरा कोमट केलं. मग बूच काढलं. आधी पाणी आलं, मग ते पिवळट पांढरं, मग नव्वद नंबरचे लोळ. शामूनं चुंबक पुसायच्या आधी माझ्याकडं दिला. मी बोटानं चाचपला. मऊ. राखाडी, मऊ. कण नाही, तुकडा नाही. तरी खात्री वाटेना. दिपालीकडं दिला. ती लॅबमध्ये काच बघते तशी बघत राहिली. फोटो काढून प्रियदर्शनीला पाठवला. उत्तर आलं — "मस्त. पुढं चला."

मी तिथंच मातीत बसलो. पाय लांब करून, दोन्ही.

मग जाळी. उजव्या पायाखाली, म्हातारा म्हणाला तिथंच! बाहेर आली तेव्हा ती जाळी आहे हे कळत नव्हतं — गवताचे तुकडे, चिंध्यांचे धागे आणि वर सगळीकडं करडी चिकट साय. "भरमू, ही असती हे मला ठावं न्हवतं रं," शामू म्हणाला. त्याला हे बोलायला किती जड गेलं असेल! रॉकेलनं त्यानंच धुतली, टूथब्रश घेऊन, तासभर.

जाड तेल आत राहायला नको म्हणून नवंच थोडं घालून, दोन मिनिटं चालवून तेही काढून टाकलं. लिव्हरच्या बुडाचं रबर खरंच फाटलेलं. नवीन येईपर्यंत शामूनं सायकलची ट्यूब कापून बांधली. नवा फिल्टर घातला आणि मग खरं भरलं. पट्टी बघून, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून. सुरू केला, लिफ्ट पाच-सहा वेळा वर-खाली केली, बंद केला, पुन्हा पट्टी बघितली. आणखी दीड लिटर लागलं. पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं — भरल्यावर एकदा चालवून पुन्हा बघा.

आज लांब नाही नेला. उद्या.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

दीड तास चालला. तापला. आवाज नाही! रोटर लिव्हरला हात लावला की वर. मला वाटलं माझे कान गेले, म्हणून शामूला विचारलं, तर तो हसायलाच लागला.

मग चढ. दिपाली सुट्टी काढून आली होती. तोच दगड हातात घेऊन मागं उभी. "बाजूला हो," म्हटलं, हलली नाही. मग थोडी बाजूला झाली, दगड तसाच. वर गेलो. निम्म्यावर पाय काढला. उभा! खुंटी मारल्यासारखा. पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा निम्म्यावर. तीनदा. तिसऱ्या वेळी दिपालीनं दगड खाली ठेवला.

रवळूला फोन लावला. बोलून काही उपयोग नाही, फोनवर त्याला बोलणं धड ऐकू येत नाही. म्हणून फोन सीटखाली धरला आणि पेडल दाबलं. तसाच बांधापर्यंत गेलो. मग म्हातारा म्हणाला, "व्हय. असाच. गुणगुणतोय बघ."

त्याला मसूर नेऊन द्यायची आहे. निघाली की पहिली त्यालाच.

१ डिसेंबर, रविवार

पेरून झालं! दोन्ही वावरं. वरचा थर वाळला होता, पण मूठभर माती दाबली तर लाडू वळतोय. ओल सापडली. शेजारच्या कुणाला बोलावलं नाही. चालवायला क्लच नाही, पण रोटर जोडताना डावीकडचं एक पेडल एकदा दाबावं लागतं, ते कुबडीच्या टोकानं दाबतो. जमलं.

मांडी सोलून निघालीय, पाय काढून बांधावर बसलो. आईनं जेवण तिथंच आणलं. झुणका, भाकरी, कांदा. जेवून तिथंच आडवा झालो, दोन तास गाढ. दोन वर्षांत दिवसा झोप लागली नव्हती मला.

शामूनं त्या तेलाचं नाव आपल्या दुकानाच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय. म्हणाला, "पुढच्याला नव्वद सांगायला नको."

४ डिसेंबर, बुधवार

आज जेवताना दिपालीनं आईला सांगितलं, मला न विचारता. "आई, त्या दिवशी स्कूटर मी चालवत होते. माझ्याकडं लायसन नव्हतं, म्हणून ह्यांनी पोलिसांना, तुम्हाला, सगळ्यांना सांगितलं की तेच चालवत होते."

खरं आहे. हे मी या वहीतही लिहिलं नव्हतं.

आईचा घास हातातच राहिला. मग तिनं डावा हात दिपालीच्या पाठीवर ठेवला. "दोन वर्षं एकटीच वागवत हुतीस व्हय गं?" माझ्याकडं बघून नुसतं, "आन् तू रं!"

तिघंही रडलो. नंतर आईनं तिघांच्याही भाकऱ्या परत तव्यावर टाकल्या.